दिवाळसणाचा कॉर्क बॉल

ताईच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. भावोजी मूळचे पुण्याचे, हैदराबादेत नुकतेच कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेले. तेव्हा असा जावई ओळखीपाळखीत कुणालाच नव्हता, त्यामुळे आईचे पाय जमिनीवर नव्हते. मी कॉलेजात होते आणि हैदराबादेतच, चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीत पोरांना बॉलिंग टाकायचे. बरी टाकायचे, खोटं कशाला बोलू.

फराळ झाल्यावर भावोजी हौसेनं बॅट घेऊन उभे राहिले. मी टेनिसचा बॉल बाजूला ठेवून मुद्दाम कॉर्कचा काढला, लाकडासारखा टणक. मेहुणीनं भावोजींची खोडी काढायचीच, तो तर हक्कच. दुसराच बॉल शहाबादी फरशीच्या कडेवर आपटून उसळला आणि थेट त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

ते मटकन खाली बसले. आईबाबा धावत आले तोवर मी बॉल ओढणीत लपवला होता. "टेनिसचाच होता," मी म्हटलं. भावोजींनी मान डोलावली. माझी लाज राखली त्यांनी, आणि स्वतःचीही. सासरी आलेला जावई विव्हळणार कसा? बाबा म्हणाले, "थोडक्यात निभावलं." आईनं बर्फ दिला आणि ती पुऱ्या तळायला गेली.

पंगतीत भावोजी म्हणाले, "मेहुणीबाई, आज तुम्ही अर्ध्याच दिसताय." सगळे हसले. ताई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आमच्या घरात जावयाचं बोलणं म्हणजे थट्टाच, त्यात खरं काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही हसत होते. तेवढ्यात त्यांनी बासुंदीत बुडवायला नेलेला पुरीचा घास वाटीबाहेरच टेकला, आणि कुणी पाहिलं का ते त्यांनी हळूच बघितलं.

मी पाहिलं होतं. बोलावं तर खोटं उघडं पडणार, आणि गप्प बसावं तर? अर्धा तास मी गप्पच बसले. त्या अर्ध्या तासाची मला आजही भीती वाटते.

पानं उचलल्यावर त्यांना मागच्या खोलीत गाठलं. म्हटलं, "उजवा डोळा झाका. किती बोटं आहेत?"

ते म्हणाले, "कुठली बोटं?"

मी ओरडतच बाहेर आले. "ताई, कॉर्कचा होता गं. मी खोटं बोलले." ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ती चपला शोधायला लागली.

डोळ्यांचे डॉक्टर सणाचे घरीच होते, दवाखाना त्यांनी आमच्यासाठी उघडला. "सुबे का लगा, अब लाए? कैकू?" सकाळचं लागलेलं आत्ता का आणलं, म्हणून ते हैदराबादी हिंदीत कडाडले. डोळ्यात रक्त साचलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि मान हलवायची नाही, अशी ताकीद दिली. पाच दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. भावोजींची नोकरी जाणार, ताईचा संसार सुरू होण्याआधीच मी मोडला, हेच डोक्यात. ताई येता-जाता माझ्यासमोरून जायची, पण बोलायची नाही.

पट्ट्या काढल्या त्या सकाळी डॉक्टरांनी भावोजींचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि काय दिसतं ते विचारलं.

"खिडकी दिसते," भावोजी सावकाश म्हणाले, सुरात थट्टा नव्हती. "खिडकीपाशी कुणीतरी बाई उभी आहे. कोण ते कळत नाही."

तिथे ताई उभी होती.