समईखालच्या काळ्या रेघा

मैत्रिणींनो, सकाळपासून सुन्न आहे.

लेकीच्या टेबलावर रंगीत पट्ट्यांचे कागद होते, मध्ये काळ्या रेघाच रेघा. मला वाटलं, प्रिंटर बिघडला. वाया कशाला घालवायचे म्हणून देव्हाऱ्यात समईखाली अंथरले.

एमएस्सी करणारी लेक किंचाळली, "आई, त्या रेघा म्हणजेच माझा प्रोजेक्ट! आज सरांना दाखवायचाय!"

म्हणे, क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा, त्याचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालत येतो. वाटेतले वायूचे ढग त्यातले ठरावीक रंग गिळतात, तिथे काळी रेघ उमटते.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. तेलाच्या डागासकट घेऊन गेली.

संध्याकाळी विचारलं, "सर काय म्हणाले गं?"

"डागावर बोट ठेवून म्हणाले, हा ढग कुठला? म्हटलं, आमच्या थेरगावच्या समईचा."

ती हसतेय, मी समईच्या उजेडाकडे बघत बसलेय. न दिसणारा ढग अडलेल्या उजेडावरून सापडतो! तुम्हाला माहीत होतं का हो?