कोर्टाचा माणूस

माझं इतवारीतलं भांड्यांचं दुकान बुडालं, तेव्हा माझे हप्ते घेऊन सगळ्या घेणेकऱ्यांत वाटायले कोर्टानं एक माणूस नेमला. दर महिन्याले यायचा, पण चहा कधी घेतला नाही. "काका, मी ना तुमचा, ना त्यांचा," म्हणायचा. घरातल्या वस्तूंची यादी करताना बायकोचं मंगळसूत्र त्यानंच सोडलं होतं.

बायको गेली. तेरवी झाल्यावर तो आला.

"काका, मंगळसूत्र द्यावं लागते."

"काहून? तूच सोडलं होतं ना गा."

"काकू होत्या तोवर ते सौभाग्य होतं. आता कायद्याले सोनं दिसते."

मी आणून दिलं. मण्यांत तिचा एक केस अडकला होता. तो हळूच सोडवून त्यानं माझ्या हातावर ठेवला, मग पावती लिहिली.

चोर असता तर शिवी तरी दिली असती.