सुशीलाबाईंच्या गाडीचं नवं टायर

टायर घेताना सुशीलाबाई त्यावर अंगठा दाबून डोळे मिटायच्या, रोग्याचं पोट तपासावं तसं. मंठ्याच्या दवाखान्यातल्या या डॉक्टरीणबाई स्वतः गाडी चालवत जालन्याला येत, तेव्हा बाजारातली माणसं हातातलं काम सोडून बघत राहायची. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी टायरच्या दुकानात विक्रीला होतो. मॅट्रिक पास, इस्त्रीची पँट आणि कंपनीच्या माणसाकडून पाठ केलेलं भाषण, एवढं माझं भांडवल.

बाईंना नेहमीचं, खोल खाचांचं टायर हवं होतं. ते जुनं झालं, असं मी ऐटीत सांगितलं. त्याच्या जागी बारीक नक्षीचं नवं आलंय, ते मऊ चालतं, हिसके देत नाही. तोवर मी सायकलखेरीज काहीही चालवलेलं नव्हतं.

"रस्त्याला विचारू," बाई म्हणाल्या. नवं औषध आलं की त्या "रोग्याला विचारू" म्हणत, त्यातलंच हे. चारही नवी टायरं बसवून झाल्यावर त्यांनी मलाच गाडीत बसवलं.

मंठ्याला पोचलो तर दवाखान्याच्या दारात एक शेतकरी उभा. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. त्याला घेऊन आम्ही तसेच निघालो. गाव आडवाटेला, हस्ताचा पाऊस नुकताच उघडलेला. काळ्या मातीत शिरताच ती बारीक नक्षी चिखलानं बुजली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी उतरून मागून ढकलू लागलो. चिखल उडाला तो थेट माझ्या तोंडात, आणि भाषण कायमचं बंद झालं. बाईंनी पदर खोचला, बॅग शेतकऱ्याकडे दिली, चपला माझ्या हातात दिल्या आणि चालू लागल्या.

मुलगी झाली. पण आईचं रक्त थांबेना. तिला जालन्याला न्यायलाच हवं होतं. बैलांनी गाडी ओढून सडकेवर आणली. मागच्या सीटवर ती निजलेली, पुढं माझ्या मांडीवर तान्ही पोर. बाई मागं न बघता विचारत राहिल्या, "हिसके बसून राह्यले का?" ती क्षीण आवाजात म्हणायची, "न्हाई."

ती वाचली. जालन्याच्या दवाखान्याच्या पायरीवर मी बोलणी खायला तयार उभा होतो.

"तुमचं टायर खराब न्हाई," बाई म्हणाल्या. "जुन्यानं चिखल बराबर काढला असता, पण येताना हिला हिसक्यांनीच मारलं असतं. गिऱ्हाइकाला रस्ता कोणता ते विचारत जा."

तेव्हापासून बाई पावसाळ्यात जुनी टायरं चढवत, उन्हाळ्यात नवी. मीही प्रत्येकाला रस्ता विचारू लागलो. मालक म्हणाले, मंग दवाखानाच काढा.

पुढे बाईंची बदली झाली. निरोपाला ती माउली लेकीला घेऊन आली होती. त्या दिवसाचं तिला एवढंच आठवत होतं, की गाडीत तिला झोप लागली होती. बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलं? हे सांगत जा गिऱ्हाइकाला."

आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. सुरुवात केली की मला डोळे पुसावे लागतात, आणि समोरच्याला वाटतं, टायर फार महाग असणार.