मुहूर्त टळला ते बरं झालं

मंडळी, आजचीच गोष्ट लिहून राहिलो.

दोन वर्षं गोरेगावात उभा असलेला आमचा ट्रक आज सुरू झाला. वहिनीनं ओवाळलं, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. पण ज्या हवेच्या दाबावर ब्रेक लागतो, तिचा काटा अर्ध्यावरच अडकला.

मोठा भाऊ म्हणाला, "मुहूर्त टळून राहिला. चालता चालता भरंल हवा. काढ गाडी!"

मी गिअर टाकला. तेवढ्यात गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी दारातून हात घालून चावीच काढली. "काहून मरायची घाई? आधी पाईप बघू दे."

उंदरांनी ब्रेकचा पाईप कुरतडला होता. समोर उतार, उताराच्या तळाशी भरलेला बाजार.

काटा मलाही दिसला होता. तुमी असता तर मोठ्या भावाला 'थांब' म्हणाला असता का? मी तर तसं म्हणालो न्हाई.