बोऱ्यातले काकाजी

मी जन्मात एकदाच व्यायाम केला, आणि त्यातून मला बाहेर काढायला कॉलेजात शिकलेला माणूस लागला.

ही गोष्ट अमेरिकेतल्या लढाईच्या दिवसांतली. ते लोक एकमेकांशी कशासाठी भांडत होते हे आमच्या अमरावतीत कोणाला ठाऊक नव्हतं. पण तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं. लोकांच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. माझ्या अंगावर तूप चढलं. वखार आमचे थोरले बंधू सांभाळत. त्यांना आख्खं घर दादाजी म्हणे (त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा). मी वखारीतल्या गादीवर बसून ती वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबून धरत असे. हे काम मी वीस वर्षं चोख केलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत माधव पुण्याहून घरी आला. दादाजींचा एकुलता एक, आणि आमच्या नांदगावाकडच्या भाऊबंदांत कॉलेजात गेलेला पहिलाच पोरगा. गेला तेव्हा इतका हडकुळा होता, की वारा सुटला की त्याची आई त्याला घरात घ्यायची. आला तो मान ताठ, छाती पुढं आणि दारातून शिरताना खांदे तिरपे करून. गाडीवानानं त्याची पुस्तकांची पेटी सहज उतरवली. दुसरी उतरवायला गेला आणि तिथंच बसला. तिच्यात लाकडी मुद्गलांची जोडी होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचा दिनक्रमच बदलला. पोरगा उजाडायच्या आत उठे, विहिरीचं गार पाणी अंगावर घेई, दंड काढी, बैठका काढी आणि मग बडनेऱ्यापर्यंत धावत जाऊन परत येई. (आम्ही बडनेऱ्याला गाडीनं गेलो तरी तिथं पोचल्यावर अंग दाबून घेत असू.) भिजवलेले हरभरे खाई, धारोष्ण दूध पिई. पिण्याचं पाणी गाळून उकळायला त्यानं घरातल्या बायकांना शिकवलं. मी पुष्कळ हसलो. पण त्या मोसमात शेजारच्या आळीत पटकी आली आणि आमच्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही, तेव्हा मीही उकळलेलंच पाणी मागू लागलो. पोरगं खरंच गुणाचं होतं. आपण काय करतो आणि का करतो हे त्याला ठाऊक असे, आणि हे आमच्या घराण्यात नवीन होतं.

दादाजींना मात्र यातलं काही पटलं नाही. पोराला शिकायला धाडलं तर पैलवान होऊन आला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांनी अकोल्याला नवी वखार घेतली होती. आता कॉलेज पुरे, माधवनं ती वखार सांभाळावी, असं त्यांनी जाहीर केलं. आठव्या दिवशी त्या वखारीतले भागीदार, अकोल्याचे शेठजी, त्याला न्यायला येणार होते.

बापापुढं तोंड उघडायची आमच्याकडं रीत नव्हती. माधव माझ्याकडं आला. मुद्गल फिरवणारे त्याचे हात त्या दिवशी गुडघ्यांवर नुसते पडले होते.

"काकाजी, मले शिकाचं आहे. तुमी सांगा ना दादाजीले. तुमचं ऐकते ते."

माझं घरात मांजरही ऐकत नसे. पण हे त्या पोराला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते कळू नये असं मला फार वाटलं. मी गेलो. दादाजींनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, माझ्या पोटाकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "त्याची तालीम एवढी खरी असन, तर तुले हलवून दाखवू दे त्याले. आठ दिवसांत तू एक बोरा तुडवला, तर पोरगं पुण्याले. नाई तुडवला, तर अकोल्याले."

तेव्हा आमच्याकडं कापूस दाबायची यंत्रं आली नव्हती. माणूसभर उंचीचा तागाचा बोरा तोंड उघडं ठेवून आडव्या वाशाला टांगायचा. त्यात एक माणूस उतरायचा. माचीवर उभे असलेले दोघे वरून टोपल्यांनी कापूस ओतायचे आणि आतल्यानं तो पायांनी तुडवायचा. कापूस चढेल तसा माणूस वर येई आणि बोरा भरला की तोंडातून बाहेर उडी मारी. आमच्या वखारीतला हमाल सखाराम असे कितीतरी बोरे हसतखेळत भरायचा. मी ते गादीवरून वीस वर्षं बघत आलो होतो. (म्हणजे डोळे त्या दिशेला असत.)

माधवनं मला शिष्य करून घेतलं. दंड काढताना माझा खाली जाण्याचा भाग फार सुरेख होई. वर येण्याचा भाग माधव करी, माझी काखोटी धरून. तो कधी रागावला नाही, कधी हसला नाही. "आज कालच्यापेक्षा बरं झालं काकाजी," असं रोज सांगे, आणि मी त्यावर विश्वास ठेवून आणखी दोन बैठका काढी. तूप बंद, पेढे बंद. मी सगळं सोसलं. एकच गोष्ट जिवावर आली. माधवच्या शास्त्रात दुपारची झोप बसत नव्हती. आठ दिवस मी दुपारी जागा राहिलो. एवढं तप आमच्या कुळात कोणी केलेलं नसेल.

आठवा दिवस उजाडला. माधव नेमाप्रमाणे बडनेऱ्याला धावायला गेला. तो परत येईपर्यंत बोरा भरून त्याला चकित करावं, असं माझ्या मनात आलं. मी धोतराचा काचा मारला, माचीवर चढलो, देवाचं नाव घेतलं आणि बोऱ्यात उतरलो. वरून कापूस पडू लागला. मी तुडवू लागलो. पहिल्या दहा टोपल्या मी अशा तुडवल्या की सखारामनं वरून वाहवा दिली. त्या वाहवेनं घात केला. आता क्षणभर टेकावं, असं वाटलं आणि मी टेकलो.

ज्यानं आठ दिवस दुपारची झोप घेतलेली नाही, त्यानं ताज्या, उबदार कापसावर कधीच टेकू नये. मला तिथं जी झोप लागली, तशी लग्नाच्या गादीवरही लागली नव्हती.

जाग आली तेव्हा कापूस हनुवटीपर्यंत होता. हात दोन्ही बाजूंना घट्ट आवळलेले, पाय कुठं आहेत याचा पत्ता नाही, आणि माझ्या डोक्याभोवती सखाराम गोल गोल फिरत कापूस तुडवत होता.

"मालक, मुंडकं जरा इकडं घ्या," तो अदबीनं म्हणाला, "त्या बाजूचं तुडवाचं राह्यलं."

मला उठवलं का नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यानं कान पकडले. "मालक बसले असले का आमी उठवत नाई. वीस वर्स झाले, वखारीचा हाच नेम आहे."

तेवढ्यात खाली दादाजी आणि अकोल्याचे शेठजी आले. दादाजींनी बोऱ्यावर हात फिरवला. एवढा टणक बोरा नामदेवनं, म्हणजे मी, तुडवला, यावर त्यांचा विश्वास बसेना. खात्री करायला त्यांनी काठीचा एक टोला दिला. बोरा "आई गं" म्हणाला. शेठजी दोन पावलं मागं सरले.

मग धावपळ सुरू झाली. चौघांनी माझी मान धरून ओढली. मान थोडी लांब झाली, मी तिथंच. दादाजी म्हणाले, बोरा चिरा. एक जण विळा घेऊन आला खरा, पण मी नेमका कुठं संपतो आणि कापूस कुठं सुरू होतो, हे कोणालाच सांगता येईना. मला तर मुळीच नाही. त्या ओढाताणीत वरचा कापूस ढासळला आणि माझ्या नाकातोंडात गेला. मी खोकू लागलो. मग खोकायलाही जागा उरली नाही. डोळ्यांपुढं अंधारलं. खाली दादाजींचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मी आमचे वडील गेले त्यानंतर ऐकला नव्हता.

"नामदेवा, बोल रे काही."

त्याच वेळी माधव फाटकातून आत आला. घामानं निथळत होता. काय झालं हे त्यानं विचारलं नाही, एका उडीत माची गाठली. आधी माझ्या तोंडापुढचा कापूस काढला. "काकाजी, शिकवलं तसं. नाकानं. हळू," एवढंच म्हणाला. मी नाकानं, हळू श्वास घेतला. (त्याच्या सगळ्या शिकवणुकीतलं हे एकच मला जमलं होतं.) मग त्यानं वाशावर पाय रोवले, दोन्ही हात माझ्या काखांत खुपसले आणि जमिनीतून मुळा उपटावा तसा मला उपटला. चौघांना जे हललं नाही ते त्या एकट्यानं वर काढलं. धोतर आतच राहिलं, पण त्या वेळी त्याचं कोणाला दुःख नव्हतं. मला तर नव्हतंच, मी जिवंत होतो.

कापसाच्या ढिगावर मी धापा टाकत पडलो. पैज मी हरलो होतो, आणि माधवचं कॉलेज माझ्या एका डुलकीत बुडालं होतं. मला रडू आलं. शेठजींनी गाडी जुंपायला सांगू का, असं विचारलं. दादाजी उत्तर द्यायच्या आधी पोराजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठजी," ते म्हणाले, "वखार सांभाळाले गुमास्ता भेटते. माह्या भावाले वर काढाले गुमास्ता भेटला नसता. जाऊ दे त्याले पुण्याले. शिकू दे."

माधव पुण्याला गेला, खूप शिकला, आणि त्याच्याइतका निरोगी, सरळ माणूस मी आमच्या वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. पुढच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं सांगितलं, की तालमीत त्याच्या वस्तादांनी त्याला विचारलं होतं, आजवर सगळ्यांत जड काय उचललंस? पोरगं खोटं बोलत नसे. त्यानं माझं नाव सांगितलं. तेव्हापासून त्या तालमीतल्या सगळ्यांत मोठ्या दगडाला 'काकाजी' म्हणतात. मी पुण्यात अजून पाऊल टाकलेलं नाही, पण तिथं रोज सकाळी वीस-पंचवीस पोरं मला उचलायला बघतात, आणि माधव सोडला तर अजून कोणाकडून मी जागचा हललेलो नाही.