आत्यानं सांगितलेली भज्जी
बाजारात तुरीचे ओले दाणे दिसले, की उदगीरजवळच्या आत्याच्या शेतातलं येळवशीचं, म्हणजे वेळ अमावास्येचं, जेवण आठवतं. त्या वर्षी वजन कमी व्हावं म्हणून नांदेडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं होतं. कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली होती, आणि मी नको म्हणत असताना आत्या ताटात ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली भज्जी वाढतच होती. मी हळूच वही काढली. "काय लिहायलास रे?" तिनं विचारलं. वजनाचं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "तुझी भज्जी कशी करायची ते." शाळा न पाहिलेली आत्या हरखली. हात पुसून समोरच बसली. "लिही मग. आधी चिंच भिजू घाल. बेसन ताकात कालव, गुठळी न्हाई ऱ्हायली पाहिजे. लसूण पातीचाच घे, हाव का?" ती कितीतरी वेळ सांगत राहिली. मी मान हलवत लिहिलं, 'भज्जी दोन वाट्या, आत्याच्या आग्रहामुळे जास्त.' या श्रावणात आत्या गेली. परवा तिच्या सुनेचा फोन आला. "येळवस आली, भाऊजी. भज्जीचं सगळं तुमच्या वहीत हाय, असं सासूबाई लई कौतुकानं सांगायच्या. तेवढं वाचून दाखवता का?" वही सापडत नाही, असं मी तिला सांगितलं.