चार नंबरचा सेन्सर

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मधेच ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही! मी एकदा भीमेवरचा एक धडधाकट पूल भर दिवसा बंद पाडला होता. एकटीनं!

तेव्हा मोबाईल नुकते खेड्यापाड्यांत पोचले होते. मी पुण्यात इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होते. आमचं काम म्हणजे पुलाची तब्येत तपासणं. मुठीएवढे सेन्सर पुलाच्या अंगाला चिकटवायचे आणि पूल किती थरथरतो ते तारेशिवाय लांबून लॅपटॉपवर बघायचं. शिरूर तालुक्यातून दौंडकडं जाणारा एक जुना पूल आम्हाला मिळाला.

सर म्हणाले, "दोराला धरून मुलं उतरतील. तू लॅपटॉप सांभाळ."

झालं! मी लॅपटॉप सांभाळू?

"सर, मीच उतरणार!"

उतरले. आठही सेन्सर मीच लावले. आता तुम्हाला म्हणून सांगते, चौथा लावताना खाली पाणी दिसलं आणि मी डोळे गच्च मिटून हाताला जे लागलं त्याला तो चिकटवून टाकला. हे सरांना कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडाशी इस्माईलमामांच्या चहाच्या टपरीत लॅपटॉप मांडून बसले. मामा मूळचे गवंडी. हा पूल बांधताना ते कामावर होते.

दहा वाजता उसाचा ट्रॅक्टर पुलावर चढला आणि लॅपटॉपवर चार नंबरच्या सेन्सरची रेघ अशी नाचायला लागली, की बस्स! ट्रॅक्टर पलीकडं गेला. रेघ नाचतेच आहे! म्हणजे काय? अंगावर काही नसताना पूल आपला आपण हलतोय?

मी पळत गेले आणि पुलाच्या मधोमध हात पसरून उभी राहिले. पडणाऱ्या पुलाच्या मधोमध कोण उभं राहतं, असं विचारू नका.

"थांबा! पूल पडतोय!"

अर्ध्या तासात दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या, दुधाचा टेम्पो, एसटी! पायी जाणाऱ्यांना मी एकेक करून सोडलं. एक आजोबा तर पुलाला भार नको म्हणून चपला हातात घेऊन गेले.

सरपंच आप्पा मोटारसायकलवरून आले. "बाई, ऊस उन्हात वाळतोय. कुणाच्या हुकमानं थांबवलंय?"

"माझ्या! माणसं नदीत गेल्यावर विचारणार का, आप्पा?"

मागून मामा म्हणाले, "आन् बाकीचे सात काय म्हंत्यात?"

"गप्प आहेत."

"मग?"

"मग काय? ते बिघडलेत!"

मामांनी मला कठड्यापाशी नेलं. "वाकून बघा, बाई. तुमचा डबा कशाला चिकटलाय?"

वाकले. कठड्याखालून एक जाडजूड पाईप पलीकडं गेला होता, आणि त्याच्यावर माझा चार नंबर ऐटीत बसला होता!

"गावाच्या पान्याचा पाईप हाय. धा वाजल्यापासनं मोटर सुरू हाय."

आप्पांनी फोन करून मोटर बंद करायला लावली. टपरीत जाऊन बघितलं तर रेघ झोपलेली.

मी हार मानते होय? "परत चालू करा!" रेघ नाचली. "बंद करा!" झोपली. असं तीनदा करायला लावलं.

"बघितलंत? मशीन खोटं बोलत नाही!"

"मशीनला कोन काय बोललंय, बाई?" मामा म्हणाले.

पूल मोकळा झाला. माझ्यासमोरून जाताना एकेका ट्रॅक्टरवाल्यानं असा हॉर्न दिला म्हणता! सरांना तोवर खबर लागलीच होती. फोनवर म्हणाले, "लावताना तू बघत नव्हतीस का?"

"नव्हते."

आयुष्यात इतकं छोटं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

"उद्या मुलांना पाठवतो."

"नको सर. मीच उतरणार."

दुसऱ्या दिवशी दोर घेऊन हजर! या वेळी डोळे उघडे ठेवायचे, असं स्वतःला बजावत होते. तेवढ्यात एक बाई रिकामा हंडा घेऊन टपरीशी आली. मागं आणखी चौघी.

"ताई, आज नळाला पानी कवा सुटंल? तेवढं तुमच्या मशीनला इचारून सांगा की!"

मामा चहा गाळता गाळता माझ्याकडं बघायला लागले. काय करणार? दोर खाली ठेवला, लॅपटॉप उघडला, चार नंबरची रेघ नाचताना दिसली, मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आत्ताच सुटलंय! पळा!"